सरासरी ६८ टक्के, तरी लिहिणं बंद: सेफ क्लस्टरमधली ती एक भरलेली डिस्क

डॅशबोर्डवर क्लस्टर ६८ टक्के भरलेला दिसतोय, म्हणजे जवळपास तिसरा हिस्सा मोकळा आहे, आणि तरी सगळी व्हर्च्युअल मशीन लटकलेली आहेत. सेफ (अनेक सर्व्हरच्या डिस्क जोडून एकच सामायिक साठा करणारी प्रणाली) चालवणाऱ्यांना हे दृश्य नवं नाही. व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रॉक्समॉक्समधून सेफ चार क्लिकमध्ये बसतं, त्यामुळे नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांपासून हॉस्पिटल-कॉलेजांपर्यंत तीन-चार सर्व्हरचा छोटा क्लस्टर कुणालाही उभा करता येतो. बसवण्याचं मार्गदर्शन भरपूर मिळतं. क्लस्टर भरत आल्यावर काय करायचं, हे मराठीत सलग कुठे सापडत नाही, म्हणून हा लेख. (कमांड उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाइप करायच्या.)

एक गोष्ट आधी पक्की करू. सेफमध्ये डेटा कुठे ठेवायचा हे गणिताने ठरतं, मोकळी जागा बघून नाही. ऑब्जेक्टच्या (डेटाच्या तुकड्याच्या) नावाचा हॅश काढला की त्याचा प्लेसमेंट ग्रुप, म्हणजे पीजी, ठरतो. तो पीजी कोणत्या डिस्कवर हे क्रश अल्गोरिदम डिस्कच्या वजनावरून काढतो, आणि वजन म्हणजे डिस्कची एकूण क्षमता. आज ती डिस्क किती भरली आहे याचा त्या हिशोबात काही संबंधच नाही. म्हणून एक डिस्क भरली तर तिच्या वाट्याचं लिखाण शेजारच्या रिकाम्या डिस्कवर आपोआप वळत नाही. आणि १०० गिबीबाइटची एक व्हर्च्युअल डिस्क ४ मेबीबाइटच्या २५,६०० ऑब्जेक्टांत चिरून तिच्या पूलच्या (एकाच नियमाने साठवलेल्या डेटाच्या गटाच्या) जवळपास सगळ्या पीजींवर पसरलेली असते. त्यामुळे भरलेल्या एका डिस्कची झळ सगळ्यांनाच लागते.

थोडक्यात, क्लस्टर किती भरला हे त्यातली सगळ्यात भरलेली डिस्क ठरवते. ‘सेफ डीएफ’मधला ‘मॅक्स अव्हेल’ (अजून किती लिहिता येईल) हा आकडाही सरासरीवर नाही, सगळ्यात आधी भरणाऱ्या डिस्कवर काढलेला असतो. नुसतं संतुलन सुधारलं की नवी डिस्क न लावता हा आकडा वर जातो. कोणताही एकच आकडा रोज बघायचा असेल तर हा बघा.

गोदेला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे बघतात: पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला, की डोक्यावरून गेलं. सेफमध्येही अशाच खुणा आहेत आणि त्या प्रत्येक डिस्कला वेगळ्या लागू होतात. ८५ टक्क्यांना नियरफुल: नुसता इशारा, काम चालू. ९० ला बॅकफिलफुल: या डिस्कवर हलवलेला डेटा येणं बंद, ग्राहकांचं लिखाण मात्र चालू. ९५ ला फुल: त्या डिस्कवर ज्या पूलचा डेटा आहे त्यांचं लिखाण बंद. आणि ९७ ला फेलसेफ, जिथे ओएसडी (प्रत्येक डिस्क सांभाळणारा सेफचा प्रोग्रॅम) स्वतःच लिहायला नकार देतो. ९० ची पायरी लोक दुर्लक्षितात, आणि खरा धोका तिथेच आहे. तिथे पोचलेला क्लस्टर वरून ठीक दिसतो, पण एखादी डिस्क मेली तर स्वतःला दुरुस्त करू शकत नाही, कारण दुरुस्तीचा डेटा घ्यायला कुणी तयार नसतं. पीजींच्या स्थितीत ‘बॅकफिल टूफुल’ दिसलं की समजा, आपण या पायरीवर आहोत.

किती भरू द्यायचं

चार सर्व्हर, प्रत्येकात ८ टेराबाइटच्या ६ डिस्क, तीन प्रती, फेल्युअर डोमेन होस्ट (म्हणजे प्रत्येक प्रत वेगळ्या सर्व्हरवर), असा क्लस्टर घेऊ. बिलावर १९२ टेराबाइट. सेफ टेबीबाइटमध्ये (१०२४ च्या पटीत) मोजतं, तिथे ते १७४.६ दिसतात, आणि तीन प्रतींनी भागल्यावर ५८.२ उरतात. आता एक सर्व्हर गेला तर त्याचा सगळा डेटा उरलेल्या तिघांवर यायला हवा, म्हणजे भरणा ४/३ पट. आधी सरासरी ६५ असेल तर नंतर ८६.७. सगळ्यात भरलेली डिस्क सरासरीच्या ८ टक्के वर असेल (चांगल्या संतुलनातही एवढं असू शकतं), तर ती ९३ च्या पुढे जाते आणि दुरुस्ती मध्येच अडकते. उलट हिशोब करा: ९० भागिले १.०८ भागिले ४/३, उत्तर ६२.५. म्हणजे १९२ टेराबाइट विकत घेऊन निर्धास्तपणे ठेवता येणारा डेटा साधारण ३६.४ टेबीबाइट, म्हणजे ४० टेराबाइट. खरेदीची मंजुरी घेताना साहेबांपुढे हाच आकडा ठेवा. १९२ चा आकडा दाखवला की पुढचं वर्षभर ‘अजून तर जागा आहे की’ हेच ऐकावं लागतं.

हे ४० टेराबाइट भरायला काय लागतं? ४ मेगाबिटने सतत रेकॉर्ड करणारा एक कॅमेरा दिवसाला ४३.२ गीगाबाइट लिहितो. असे ३० कॅमेरे, ३० दिवसांचं फुटेज: ३८.९ टेराबाइट. झाला क्लस्टर भरून. सिंहस्थाच्या तोंडावर लॉज, पार्किंग, गोदामं सगळीकडे कॅमेऱ्यांची भर पडणार, तेव्हा हा गुणाकार आधी करून ठेवा. आणि जुनं फुटेज पुसणारी स्क्रिप्ट काही कारणाने थांबली, तर तीन प्रतींसह रोज ३.९ टेराबाइट वाढतात, प्रत्येक डिस्कवर दिवसाला दोन टक्के. नियरफुलच्या इशाऱ्यापासून फुलपर्यंत पाच दिवस. त्यात शनिवार-रविवार आला आणि डिस्क मुंबईहून यायची असेल, तर पाच दिवस काहीच नाहीत. म्हणून माझ्या मते ७५ टक्क्यांचा इशारा स्वतः लावावा, तोही सरासरीवर नको, सगळ्यात भरलेल्या डिस्कवर हवा.

तीन सर्व्हर आणि तीन प्रती हा लहान क्लस्टरचा आवडता साचा, पण त्यात एक सापळा आहे. इथे प्रत्येक सर्व्हरवर प्रत्येक डेटाची एक प्रत असावीच लागते. अख्खा सर्व्हर गेला तर प्रत ठेवायला चौथी जागाच नसते, त्यामुळे क्लस्टर दोन प्रतींवर चालत राहतो, भरत नाही. पण एक डिस्क गेली तर तिचा डेटा त्याच सर्व्हरच्या उरलेल्या डिस्कवर यावा लागतो. सर्व्हरमागे चार डिस्क आणि ७० टक्के भरणा असेल तर एका डिस्कच्या मरणाने बाकीच्या तिघी ९३ ला जाऊन टेकतात. अशा ठिकाणी मोठ्या चार डिस्कांपेक्षा निम्म्या आकाराच्या आठ केव्हाही बऱ्या.

एकाच सर्व्हरमध्ये जास्त क्षमता कोंबण्याचाही उपयोग नाही. तीन सर्व्हर ४८ टेराबाइटचे आणि चौथा ९६ चा केला, तर एकूण २४० चे तीन भाग ८० होतात. प्रत्यक्षात ७२ च्या वर जाता येत नाही, कारण एका डेटाच्या दोन प्रती एका सर्व्हरवर ठेवायच्या नसतात. मोठ्या सर्व्हरमधले २४ टेराबाइट कायमचे रिकामे राहतात.

पीजी कमी, म्हणून असमतोल

एकसारख्या डिस्क असूनही एक ५५ वर आणि दुसरी ९१ वर असेल, तर सगळ्यात आधी पीजींची संख्या तपासा. वरच्या क्लस्टरमध्ये ३६ टेबीबाइट डेटा १२८ पीजींत असेल तर एक पीजी २८८ गिबीबाइटचा झाला. प्रत्येक डिस्कवर सरासरी १६ पीजी येतात, आणि एक पीजी इकडचा तिकडे झाला की डिस्कचा भरणा जवळपास चार टक्क्यांनी बदलतो. एवढ्या मोठ्या ढेकळांनी समतल भरणं जमणार कसं? तोच डेटा १०२४ पीजींत असला तर डिस्कमागे १२८ पीजी, प्रत्येकी ३६ गिबीबाइट, आणि एका पीजीचा फरक अर्धा टक्का. डिस्कमागे शंभरच्या आसपास पीजी हा जुना ठोकताळा याचसाठी आहे. संख्या दोनच्या घातातली ठेवा, नाहीतर काही पीजी इतरांच्या दुप्पट आकाराचे राहतात.

ऑटोस्केलर असला तरी तो आजचा डेटा बघून संख्या ठरवतो, आणि तिपटीचा फरक पडल्याशिवाय हलत नाही. म्हणून जो पूल मोठा होणार हे ठाऊक आहे त्याला पहिल्याच दिवशी ‘सेफ ओएसडी पूल सेट’ने ‘बल्क’ फ्लॅग ‘ट्रू’ करून टाका. भरलेल्या क्लस्टरवर पीजी वाढवायला जाऊ नका. त्यात भरपूर डेटा हलतो, आणि हलवताना जुनी प्रत नवी पूर्ण होईपर्यंत पुसली जात नाही. म्हणजे जागा मोकळी होण्याआधी ती आणखी लागते. हे वाक्य भरलेल्या क्लस्टरवरच्या प्रत्येक कामाला लागू आहे.

आता बॅलन्सर, म्हणजे डिस्कांवर पीजी सारखे वाटणारी सेफची सोय. ‘अपमॅप’ मोड वापरा, त्यात ठरावीक पीजी ठरावीक डिस्कवर बांधता येतो. त्यासाठी सगळे क्लायंट सेफच्या ल्युमिनस आवृत्तीचे किंवा त्यानंतरचे असावे लागतात. नव्या आवृत्त्यांत बॅलन्सर आपसूक चालू असतो, पण त्याची सहनशीलता पाच पीजींची आहे. सरासरीपेक्षा पाच पीजी कमी-जास्त असतील तर त्याच्या लेखी सगळं आलबेल. डिस्कमागे १६ पीजी असलेल्या क्लस्टरमध्ये पाच पीजी म्हणजे डिस्कच्या भरण्यात वीस टक्क्यांचा फरक! बॅलन्सर चालू आहे, स्टेटसमध्ये ‘यापुढे सुधारणा शक्य नाही’ अशा अर्थाचा संदेश आहे, आणि डिस्क मात्र ७० ते ९० मध्ये विखुरलेल्या, हे कोडं बहुतेक वेळा इथेच सुटतं. ‘सेफ कॉन्फिग सेट’ने एमजीआरच्या (सेफच्या मॅनेजर प्रोग्रॅमच्या) बॅलन्सर विभागातलं ‘अपमॅप मॅक्स डेव्हिएशन’ १ करा.

जुन्या प्रशासकाने ‘ओएसडी रीवेट’ वापरून काही डिस्कना ०.८, ०.९ असे आकडे देऊन ठेवलेले असतील तर तेही शोधा. ‘सेफ ओएसडी डीएफ ट्री’मधल्या ‘रीवेट’च्या रकान्यात एकाखालचा आकडा दिसला की बॅलन्सर एकीकडे ओढतोय आणि रीवेट दुसरीकडे. ते हळूहळू, एकेक करून, एकवर आणा. ‘क्रश रीवेट’ ही वेगळी गोष्ट आहे. तो आकडा टेबीबाइटमधली क्षमता असतो, ८ टेराबाइटच्या डिस्कला ७.२७ च्या आसपास. नावं सारखी असल्यामुळे घाईत कुणी ‘क्रश रीवेट’ला ०.९५ देतो, आणि डिस्कचं वजन सात भागांवरून एक भागावर येऊन प्रचंड डेटा हलायला लागतो. एंटर मारण्याआधी कमांड मोठ्याने वाचायची सवय इथे कामी येते.

फुल झालाच तर

घाबरून डिस्क काढणं, ओएसडी पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करणं, डिस्कवरून हाताने काही पुसणं, यातलं काहीही करू नका. आधी ‘सेफ हेल्थ डिटेल’ने कोणती डिस्क भरली ते बघा, मग ‘ओएसडी डीएफ ट्री’त तिच्या ओळीवर थांबा. तीन रकाने महत्त्वाचे: वापराची टक्केवारी, ‘व्हार’ (सरासरीच्या किती पट) आणि ‘पीजीएस’. समजा ओएसडी १७ ची टक्केवारी ९५, व्हार १.३९, पीजी २२, आणि शेजारणींकडे १५-१६. मग हा सरळ वाटपाचा असमतोल आहे. पीजी सारखेच असून वापर जास्त असेल तर हलवाहलव अर्धवट आहे का, जुन्या प्रती पुसायच्या राहिल्या आहेत का, ते तपासा. आणि सगळ्याच डिस्क ८८-९० वर असतील तर संतुलनाने काही होणार नाही. तिथे पुसणं किंवा नव्या डिस्क, दोनच मार्ग.

मग लिहिणारे थांबवा: बॅकअप, रेकॉर्डिंग, जे थांबवता येईल ते. ‘ओएसडी पॉज’ वापरू नका, त्याने वाचनही बंद पडतं. पुसायलाही थोडं लिहावं लागतं, म्हणून फुल अवस्थेत पुसण्याची कामंही लटकू शकतात. तेवढ्यासाठी ‘सेफ ओएसडी सेट-फुल-रेशो ०.९६’. ही सोय फक्त पुसण्यापुरती आहे. एक टक्का म्हणजे ८ टेराबाइटच्या डिस्कवर ८० गीगाबाइट, आणि रेकॉर्डिंग चालूच ठेवलं तर तेवढे बारा तासांत संपतात. ०.९७ ला फेलसेफची भिंत आहे, तिथपर्यंत जाऊ नका.

पुसण्यासारखं काय असतं? आरबीडीच्या (व्हर्च्युअल डिस्क ठेवणाऱ्या भागाच्या) ट्रॅशमध्ये पडलेल्या इमेज, विसरलेले स्नॅपशॉट, वेग मोजायला चालवलेल्या ‘राडोस बेंच’ने मागे ठेवलेले ऑब्जेक्ट (त्यांना ‘राडोस क्लीनअप’ आहे), बंद केलेल्या मशीनच्या डिस्क. पुसल्यावर आकडा लगेच उतरला नाही म्हणून गोंधळू नका. स्नॅपशॉट पार्श्वभूमीवर कापले जातात, तेव्हा पीजींवर ‘स्नॅपट्रिम’ दिसतं. राडोस गेटवे (सेफचा ऑब्जेक्ट स्टोरेज पुरवणारा भाग) पुसलेले ऑब्जेक्ट आधी कचऱ्याच्या यादीत टाकतो आणि किमान दोन तास ठेवतो. घाई असेल तर ‘राडोसजीडब्ल्यू-ॲडमिन जीसी प्रोसेस’ला ‘इन्क्लूड-ऑल’ लावून चालवा. सेफएफएसवर (सेफच्या फाइल सिस्टिमवर) स्नॅपशॉट असेल तर फाइल पुसूनही जागा सुटत नाही. आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत पुसलेल्या फाइल सेफला कळतच नाहीत, जोवर डिस्कला डिस्कार्ड (मोकळी झालेली जागा खाली कळवण्याची सोय) चालू नसतो आणि आतून ‘एफएसट्रिम’ चालवलेलं नसतं. डिस्कार्ड कधीच चालू नसलेल्या जुन्या क्लस्टरवर या एका कामाने बरीच जागा सुटू शकते.

थोडी उसंत मिळाली की भरलेल्या डिस्कवरून पीजी हलवा. डेटा डिग्रेडेड (काही प्रती कमी) असेल किंवा पाच टक्क्यांहून जास्त हलवायचा बाकी असेल तर बॅलन्सर गप्प बसतो, म्हणून इथे हाताने करावं लागतं. ‘सेफ ओएसडी पीजी-अपमॅप-आयटम्स ३.१एफ १७ १४’ याचा अर्थ, ३.१एफ हा पीजी १७ वरून १४ वर ने. १४ ही डिस्क १७ च्याच सर्व्हरमधली निवडली तर एका सर्व्हरवर दोन प्रती येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. नेम धरून एक-दोन पीजी हलवण्याला ही सगळ्यात नेमकी पद्धत. ते जड वाटलं तर ‘सेफ ओएसडी रीवेट १७ ०.९५’, पण त्यात कोणते पीजी कुठे जातील हे आपल्या हातात नसतं, आणि दुसरीच डिस्क भरू शकते. हलवणं ‘टूफुल’वर अडलं तर ‘सेट-बॅकफिलफुल-रेशो ०.९२’. सगळं निवळल्यावर दोन्ही रेशो मूळ ०.९० आणि ०.९५ वर परत आणा. हे राहून जातं, आणि पुढच्या वेळी हातात काही शिल्लकच राहत नाही.

पूलच्या प्रती तीनवरून दोन करा, लगेच जागा मिळेल, असा सल्ला हमखास मिळतो. जागा मिळते हे खरं. पण ‘मिन साइझ’ (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) २ असताना एक डिस्क गेली की तिचे पीजी थांबतात, आणि ते चालावेत म्हणून १ केलं तर एकाच प्रतीवर लिखाण सुरू होतं. भरलेला क्लस्टर म्हणजे नेमका तो काळ, जेव्हा सगळ्या डिस्क पुसणं-हलवणं यात राबत असतात. त्याच वेळी प्रती कमी करू नका. अगदीच अडलं तर ज्याचं मूळ दुसरीकडे आहे असा पूलच पुसा.

नव्या डिस्क आल्यावर

आधी हलवाहलव थांबवणारा ‘नोरीबॅलन्स’ फ्लॅग लावा, सगळ्या डिस्क एकदम जोडा, शक्यतो सगळ्या सर्व्हरवर सारख्या, आणि मग फ्लॅग काढा. एकेक जोडत बसलात तर प्रत्येक वेळी नव्याने हलवाहलव होते, आणि तीही जुन्या भरलेल्या डिस्कांमध्ये आपसातसुद्धा. सर्नच्या स्टोरेजवाल्यांनी उघडी केलेली ‘अपमॅप-रीमॅप्ड’ स्क्रिप्ट इथे फार उपयोगी आहे. ती सगळे पीजी आहेत तिथेच अपमॅपने बांधून टाकते, आणि मग बॅलन्सर त्या गाठी थोड्या थोड्या सोडत डेटा नव्या डिस्कवर नेतो. मध्येच थांबवायचं असेल तर बॅलन्सर बंद केला की झालं.

वेळेचा अंदाज ठेवा. ७० टक्के भरलेली ८ टेराबाइटची डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइटने रिकामी व्हायला साडेपंधरा तास घेते, तेही दुसरं काही काम नसताना. नेटवर्क १ गीगाबिटचं असेल तर तो वेग अख्ख्या सर्व्हरला मिळून असतो. सेफच्या क्विन्सी आवृत्तीपासून हा वेग ‘एमक्लॉक’ हा आतला कामांचा नियोजक ठरवतो. जुन्या लेखांतलं ‘ओएसडी मॅक्स बॅकफिल्स’ वाढवून काही फरक पडत नाही, ओव्हरराइडचा पर्याय चालू केल्याशिवाय ते बदलतच नाही. त्यापेक्षा रात्री प्रोफाइल ‘हाय रिकव्हरी ऑप्स’ करा, सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी ‘हाय क्लायंट ऑप्स’. खराब डिस्क काढताना ती नुसती ‘आउट’ करून नंतर उपटली तर डेटा दोनदा हलतो. आधी तिचं क्रश वजन शून्य करा, रिकामी होऊ द्या, मग काढा.

महावितरणच्या दुरुस्तीची सूचना आली असेल तर ‘नोआउट’ फ्लॅग आधी लावा. ओएसडी दहा मिनिटं खाली राहिला की सेफ त्याला बाद धरून डेटा दुसरीकडे बांधायला घेतं. एका सर्व्हरचा यूपीएस दमला आणि दुरुस्ती तासभर चालली, तर ७० टक्क्यांवरचा चार सर्व्हरचा क्लस्टर विनाकारण ९० कडे धावतो. ‘मॉन ओएसडी डाउन आउट सबट्री लिमिट’ची मूळ किंमत ‘रॅक’ असते. ती ‘होस्ट’ केली की अख्खा सर्व्हर एकदम गेल्यावर सेफ वाट बघतं. छोट्या क्लस्टरवर मी हीच सेटिंग सुचवेन, आणि सोबत अट अशी की सर्व्हर पडल्याचा मेसेज कुणाच्या तरी फोनवर नक्की गेला पाहिजे.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. क्लस्टर जितका काळ अस्वच्छ (सगळे पीजी जागेवर न बसलेले), तितके जुने ओएसडी मॅप (डिस्कांच्या स्थितीच्या नोंदी) मॉनिटर, म्हणजे क्लस्टरची स्थिती सांभाळणारे प्रोग्रॅम, साठवत राहतात, आणि मोठ्या हलवाहलवीत मॉनिटरचा डेटाबेस फुगतो. मॉनिटरच्या डिस्कवर ३० टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की इशारा येतो, तो गंभीरपणे घ्या. आणि ओएसडी एलव्हीएमवर (लिनक्समधली डिस्कचे भाग पाडून वाढवण्याची सोय) बनवताना प्रत्येक डिस्कवर वीस-पंचवीस गीगाबाइट वाटप न करता सोडा. ब्लूस्टोअर (ओएसडीचा डिस्कवरचा साठा) पूर्ण शंभर टक्के भरला तर ओएसडी सुरूच होत नाही, कारण आतल्या रॉक्सडीबी डेटाबेसलाही जागा लागते. तेव्हा हा राखीव तुकडा लॉजिकल व्हॉल्यूमला जोडायचा, ‘सेफ-ब्लूस्टोअर-टूल’च्या ‘ब्लूएफएस-बीडेव्ह-एक्स्पांड’ने तो ओएसडीला दाखवायचा, आणि ओएसडी उठला की लगेच त्याच्यावरून पीजी हलवायला घ्यायचे.